पट्ट्यासमोरची जागा

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी मला आमच्या मेटच्या, म्हणजे टोळीच्या म्होरकीच्या, जागेवर उभं केलं.

राइस मिलमध्ये धान जमिनीखालच्या खड्ड्यात ओततात आणि तिथून ते लहान डब्यांच्या माळेवरून वर चढतं. त्याला आम्ही एलिव्हेटर म्हणतो. ओतताना बरंच धान बाहेर सांडतं. ते फावड्यानं परत खड्ड्यात ओढायला एक बाई लागते. माळ फिरवणारा रबरी पट्टा तिच्या उजव्या हाताशी, हातभर अंतरावरून पळत असतो. मधे लोखंडी जाळी असायला हवी. ती भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पट्टा सारखा घसरायचा, तो चढवायचा तर दरवेळी जाळीचे बोल्ट काढावे लागायचे, आणि तेवढा वेळ मिल बंद. म्हणून एकदा काढलेली जाळी कोणी परत लावलीच नाही.

त्या सकाळी फरशी धुतलेली होती. पट्ट्याच्या खाली एका जागी कोंडा पसरून ठेवला होता. कशावर, ते मी विचारलं नाही.

मी घाबरट बाई नाही. शेतात साप निघाला तर काठीनं बाजूला करते आणि कामाला लागते. पण त्या दिवशी घरून निघतानाच मी बांगड्या काढून ठेवल्या, पदर कमरेला दोनदा गुंडाळून खोचला, वरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवला आणि त्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली. मिलमध्ये सगळ्याच बाया लुगड्यावर शर्ट घालतात, पण गळ्याचं बटण कोणी लावत नाही.

"काऊन वं, थंडी वाजून रायली का?" पोती शिवणारी म्हणाली. ती आमच्यात सगळ्यात तोंडाळ.

"हो."

"उन्हाळ्यात?"

मी फावडं उचललं. ते पाहून मला कुठं उभं केलंय ते तिला कळलं, आणि तिनं सुई पोत्यात घातली.

पट्ट्याच्या जोडाजवळ एक धातूची चकती असते. ती पुलीवरून गेली की टक् असा आवाज होतो. दिवसभर तो आवाज. मला पट्ट्यापेक्षा माझ्या हाताची जास्त भीती वाटत होती. धानात वाढलेल्या माणसाला सांडलेलं धान दिसलं की हात आपोआप पुढे जातो. त्याला डोकं लागत नाही. आमच्या मेटचा हात तसाच गेला होता. पट्ट्याच्या कडेला मूठभर धान साचलं होतं, फावडं तिथे पोहोचत नव्हतं. मी पोती मोजायला उभी होते, माझ्या डोळ्यांसमोर झालं. ती ओरडली नाही. "अगं" म्हणाली, जसं काही पायाखाली काटा आला. मग मोटर बंद होईपर्यंत आम्ही सगळ्या ओरडत होतो आणि ती गप्प होती.

मुनीमजींनी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा तिच्या हाताला बांधला, स्वतःच्या गाडीत घालून तिला गोंदियाला नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं नागपूरला पाठवलं. गाडीची सीट रक्तानं भरली तरी त्यानं कुरकुर केली नाही. हे मी मुद्दाम लिहिते. कारण त्याच संध्याकाळी तो आमच्या एकेकीच्या घरी आला.

माझ्याकडे आला तेव्हा नवरा घरीच होता. तो त्याच मिलमध्ये हमाल. मुनीमजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, "देखो बाई, वो उधर पानी पीने गई थी. काम पे नहीं थी. कोई पूछे तो इतना ही बोलना है. बाकी इलाज-विलाज हम देख लेंगे. और कल से उसकी जगह तुम खड़ी रहना."

"पानी तं तिकडे नाई, मुनीमजी," मी म्हटलं. "माठ तं गेटजवळ आहे."

"तो हाथ धोने गई होगी." त्यानं कप खाली ठेवला. "तुम्हारा आदमी भी हमारे यहाँ है ना?"

तो गेल्यावर नवऱ्यानं खुर्ची आत नेऊन ठेवली. मग म्हणाला, "धमकी दिली का त्यानं?"

"विचारलं फक्त."

"हो. विचारलं फक्त."

आमची टोळी म्हणजे दवनीवाड्याच्या वाटेवरच्या दोन गावांतल्या आठ-नऊ बाया. मिलमध्ये येण्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही रोवणीला, धानाची रोपं लावायला, एकत्र जात होतो. आजही पावसाळ्यात मिल मंद चालते तेव्हा जातो. रोवणीचा आमचा एक नियम आहे: बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, शेतकऱ्याशी फक्त मेट बोलते. मजुरी काय, सुटी कधी, जेवायला किती वेळ, पऱ्ह्यातली रोपं लांब असतील तर ती कोण आणणार, सगळं ती ठरवते. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. शेतकरी फार गोड बोलला, एखादीला बाजूला घेऊन "तू तर आमच्या घरची" म्हणाला, तरी उत्तर एकच: "मेटले विचारा." हा नियम कोणी शिकवला नाही, पण त्याच्यामुळे आम्हाला कधी कोणी फोडू शकलं नाही. एकीला जास्त, दुसरीला कमी, असं आमच्या टोळीत झालं नाही. एखादीच्या पोटात दुखत असलं, तर तिच्या ओळीतली रोपं दोन्ही बाजूच्या बाया लावत जातात आणि धुऱ्यावर उभ्या माणसाला ते कळतही नाही.

मिलमध्ये आलो तेव्हा हा नियमही आमच्यासोबत आला. शेठशी, मुनीमजीशी, हमालांच्या मुकादमाशी मेट बोलायची. तिच्या जिभेला धार होती. एकदा शेठनं तिला म्हटलं, "तुम बहुत बोलती हो." ती म्हणाली, "नऊ जणींचं एकटी बोलतो शेठजी, मले तं कमीच पडते."

तपासणीला सरकारी कारखाना निरीक्षक साहेब आले तेव्हा जाळी जागेवर बसलेली होती, नवी हिरवी. रंग इतका ताजा की मिलभर त्याचा वास. आम्हाला रांगेत उभं केलं. साहेब तरुण होते, बोलणं शहरी, पण आवाज चढवणारे नव्हते. मुनीमजी त्यांच्या मागे.

"अपघात झाला तेव्हा त्या बाई काय करत होत्या?"

कोणी बोललं नाही.

"घाबरू नका. सांगा."

शेवटी पोती शिवणारी म्हणाली, "साहेब, आमच्यात मेट बोलते."

"मग मेटला बोलवा."

"ती नागपूरले आहे."

"कधी येतील?"

"हात बरा झाला का येईल."

साहेबांनी वर पाहिलं. "म्हणजे त्याच त्या?"

"त्याच."

मुनीमजीला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. साहेबांनी आणखी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "मग तुमच्यापैकी कोणाचं काही म्हणणं नाही, असं मी समजू?"

आम्ही खाली पाहत होतो. आमच्या हिशेबानं तो नकार होता. मेट नाही तर बोलणं नाही, आणि बोलणं नाही तर होकारही नाही. धुऱ्यावरचा कोणताही शेतकरी हे समजला असता, दुसऱ्या दिवशी परत आला असता. साहेबांनी गाडी सुरू केली आणि गेले. तिसऱ्या दिवशी पट्टा घसरला, जाळी निघाली आणि पुन्हा भिंतीला टेकली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात आणि ते आठवायला आवडत नाहीत. टक् आवाज घरीही ऐकू यायचा, पंख्यात, शिलाई मशीनमध्ये. एकदा स्वयंपाक करताना परातीबाहेर तांदूळ सांडले आणि मी हात पुढे करायच्या ऐवजी मागे घेतला. मुलीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मुंगी चावली.

आमच्याकडे कामगारांच्या संघटनेचा एक म्हातारा कार्यकर्ता आहे, कामठ्याकडचा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. रविवारी तो पाच-सहा जणांना घेऊन बसतो. मी अधूनमधून जायची, अर्धं त्याच्यासाठी आणि अर्धं बाजार करायला. तो मार्क्सचं सांगतो, पण तिकीट फाडल्यासारखं, कामापुरतं. त्या रविवारी मी त्याला मिलचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "शेठ माणूसच नाही."

"असंल," तो म्हणाला. "पण उद्या त्याच्या जागी एखादा देवमाणूस बसवला तरी जाळी भिंतीलाच राहील. बाजूच्या मिलनं काढली आहे, म्हणून यालाही काढावी लागते. तू त्याच्या मनात वाईट शोधत बसशील तर जन्म जाईल. तुझं वाईट-चांगलं पट्ट्यापासून सुरू कर. पट्ट्यासमोर कोण उभं आहे?"

"मी."

"मग दया कोणावर करायची आहे तुले?"

मला ते लगेच कळलं नाही. चांगलं वागणं म्हणजे दुसऱ्यासाठी काही करणं, असंच मी लहानपणापासून ऐकलेलं. मेटची कीव येत होती, ती खरी होती. पण कीव आली की माणूस डबा घेऊन भेटायला जातो आणि परत येतो. तो सांगत होता ते वेगळं होतं. तिचा हात गेला ती जागा आता माझी होती, माझ्यानंतर आणखी कोणाची असणार होती. तिच्यासाठी बोलणं आणि माझ्यासाठी बोलणं यांत फरक करायला जागाच नव्हती. हे समजल्यावर मला बरं वाटलं नाही, उलट भीती वाढली. दुसऱ्याचं काम असतं तर टाळता आलं असतं.

त्यानं चौकशी करून सांगितलं की साहेबांच्या गोंदियाच्या कार्यालयात जाऊन जबाब देता येतो. पण साहेबांची अट होती: एकेकीनं, बंद खोलीत. एकीचं दुसरीनं ऐकलं तर त्या जबाबाला अर्थ राहत नाही.

मेट तोवर नागपूरहून घरी आली होती. मी गेले तेव्हा ती पडवीत खाटेवर बसून होती, हात मनगटापर्यंत पांढरा गुंडाळलेला, मनगटापुढे काही नाही. मी चहा प्यायले. मग सांगितलं.

"नको जाऊ," ती म्हणाली.

"काऊन?"

"मुनीमजी आला होता. म्हणे, पाणी प्याले गेली होती म्हण, तुह्या सुनेले कामावर घेतो." सून आत भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज थांबला. "माझा हात तं गेला, बाई. आता घर कोण चालवंल? तुम्ही तिकडे बोलसान तं इकडे माझं बिघडते."

याचा मी विचारच केला नव्हता. घरून निघताना मनात फक्त शेठ आणि मुनीमजी होते. मला वाटलं होतं ती रडेल, मग म्हणेल, जा.

"सुनेले कुठं उभं करतील?" मी विचारलं.

ती आत सुनेकडे पाहायला लागली.

"तुह्या जागेवर आता मी उभी रायते. मी सुटली का तिथं ती उभी राहील. हात तुहा गेला, खरं आहे. पण पट्टा तुहा एकटीचा नाई."

"मोठी पुढारीण झाली."

"पुढारीण काय, रोज मुतायले जाताना पाय कापून रायले माझे."

ती थोडी हसली. मग डाव्या हातानं पांढऱ्या पट्टीची कड नीट करत राहिली. पट्टीकडे बघतच म्हणाली, "मले विचारून नको जाऊ. विचारलं तं मी नाई म्हणीन."

"मी विचारलंच नाई," मी म्हटलं आणि उठले.

बाकीच्यांना तयार करणं सोपं नव्हतं. जबाबाची कोणाला भीती नव्हती, बंद खोलीची होती. "एकटीनं?" प्रत्येकीनं हाच शब्द विचारला. पोती शिवणारी म्हणाली, "तुम्ही आतमंदी काय सांगितलं ते मले कसं समजंल? मी खरं सांगीन आन् बाकीच्या पाणी प्याल्या तं? मग मीच खोटी." एकीची शेती शेठच्या नातेवाइकाकडून ठेक्यानं घेतलेली होती, तिचा तर चेहराच उतरला. तिला आम्ही म्हटलं, तू नको येऊ. ती म्हणाली, "नाई आली तर तुम्ही काय म्हणसान मले?" कोणी काही म्हणणार नव्हतं, पण ती आली.

ऑटोनं गेलो. मुर्रीजवळ रेल्वेचं फाटक लागलं, तिथे थांबावं लागलं. कार्यालयाच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. दार बंद झालं की आतलं काही ऐकू येत नव्हतं, फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज. पहिली आत गेली. ती बाहेर आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिनं नजर चुकवली, कारण शिपाई समोर होता, बोलायची मनाई होती. मग दुसरी. मग मी.

आत साहेब तेच. पंखा. पाण्याचा ग्लास. साहेब वाट पाहत राहिले. मी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. मग मी जाळीपासून सुरुवात केली. ती कधी निघाली, कशी टेकवलेली असते, मेट फावड्यानं काय करत होती, मूठभर धान कुठं साचलं होतं. पाण्याचा माठ गेटजवळ आहे हेही सांगितलं. साहेबांनी विचारलं, "बाकीच्या हेच सांगतील?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

हे मी खरंच सांगत होते, आणि त्या क्षणी मला जन्मात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. बांधीत आम्ही एकमेकींच्या डाव्या-उजव्या असतो. कोणाचा हात थांबला ते दिसतं. इथं काहीच दिसत नव्हतं. रविवारच्या वर्गात एकजुटीवर कितीही ऐकलं तरी, ती अशी पाठीमागे बंद दार घेऊन, न बघता धरायची असते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

परतताना ऑटोत कोणी कोणाला विचारलं नाही. पोती शिवणारी फक्त एकदा म्हणाली, "साहेबानं चहा नाई पाजला," आणि त्यावर हसायची कोणाची हिंमत झाली नाही.

मिलमध्ये आठवडाभर काही झालं नाही. मग एका दुपारी सुटीच्या वेळी मुनीमजी आमच्या घोळक्यापाशी येऊन उभा राहिला. त्याला कार्यालयातून कोणीतरी सांगितलं असावं. तो रागावलेला नव्हता, तेच जास्त वाईट. "सब ने झूठ नहीं बोला," तो म्हणाला. "एक ने सच बोला है. पानी वाली बात बोली है. अच्छी औरत है." आणि आमच्याकडे एकेक करून पाहून निघून गेला.

डबे उघडे राहिले. आम्ही एकमेकींकडे पाहायला लागलो, आणि मला दिसलं की सगळ्यांची नजर शेठच्या नातेवाइकाची जमीन ठेक्यानं करणारीवर जाते आहे, माझीही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. पण मग मला वाटलं, ती नसली तर? पहिली जी आत गेली, जिनं नजर चुकवली, ती असली तर? आणि त्यांना माझ्याबद्दलही असंच वाटत असेल. माझा नवरा तिथेच हमाल.

"विचारायचं नाही," मी म्हटलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "कोणी कोणाले विचारायचं नाही. आज नाही, कधीच नाही."

"आन् खरंच असंल तं?" पोती शिवणारी म्हणाली.

"असंल तं तिले आपल्यापेक्षा जास्त भेव वाटलं असंल. बाकीच्यांनी सांगितलं ना? मग झालं. आता आपण तिले हाकलली, का ती मुनीमजीची होते. त्याले तेच पाहिजे."

तिनं नाक मुरडलं. मग डब्यातलं लोणचं पुढे सरकवलं, कोणाकडे ते बघितलं नाही मी.

महिन्याभरानं साहेब परत आले, सोबत एक मिस्त्री. अपघात मिलच्या कामावर झाला, असं ठरलं. मेटला कायद्यानं मिळायचं ते सुरू झालं. जाळी बसवली आणि पट्टा ताणायला बाजूनं वेगळी खिडकी कापली, म्हणजे जाळी काढायचं कारणच उरलं नाही. हे शेठला आधीही करता आलं असतं, त्याला एक दिवस मिल बंद ठेवावी लागली एवढंच. नवऱ्याला दिवाळीनंतर बोलावलं नाही. तो आता दुसऱ्या मिलमध्ये आहे, लांब पडतं. मला काढलं नाही. आठ बायांना एकदम काढलं असतं तर हंगामात पोती कोणी शिवली असती?

मेट बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मी जायची, बसायची, सून चहा द्यायची, ती दुसरीकडे पाहायची. गेल्या आठवड्यात मात्र तिनं स्वतःच विषय काढला.

"कोण होती वं ती, पाण्याचं सांगणारी?"

"माहीत नाही."

"अंदाज तं असंल."

"आहे. सांगत नाई."

तिनं डाव्या हातानं कप उचलला. आता तिला ते जमतं. "मुनीमजीचा फोन आला होता काल. बाया कमी पडून रायल्या म्हणे. सुनेले पाठव म्हणे." ती थांबली. "तुम्ही तिले बाजूले बसू देसान का?"

"पाठव," मी म्हटलं. "पण पट्ट्यासमोर उभी नको राहू म्हण. ती जागा माझी आहे."

"जाळी आहे ना आता?"

"आहे," मी म्हटलं. "तरी."